कात्रजहून आलेली व्हीपी

पोस्टमन श्रीधरने पार्सल उंबऱ्याशी टेकवलं आणि सांगितलं की ही व्हीपी आहे, पैसे भरल्याशिवाय देता येणार नाही. पार्सल प्रेमलाबाईंच्या नावाचं होतं. पाठवणारी कुणी सरुबाई, कात्रजची.

त्यांचे यजमान दशरथ गजभिये खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. न मागवलेली वस्तू विकत घेणाऱ्यातले ते नव्हते. आधी उघडून दाखव, म्हणाले.

"उघडायचं तर आधी पैसे, काका. आत साप निघाला तरी ते परत मिळत नाहीत," श्रीधर म्हणाला. "नको असेल तर सात दिवस पोस्टात राहील, मग गेलं माघारी."

दशरथ नाही म्हणणार तेवढ्यात त्यांची नजर पत्त्यावर गेली. 'मंगळवार पेठ' मधला ळ कुणीतरी शेपटी ओढून लिहिला होता. त्यांचा मुलगा प्रज्ञेश तसाच ळ काढायचा. लहानपणी त्यावरून त्यांनी त्याला कितीदा बोलून घेतलं होतं. पण प्रज्ञेश अमेरिकेत होता. पाच महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला तिकडे पाठवलं होतं. विमानतळावर येऊ नका, उगीच दगदग, म्हणून त्यानेच दोघांना घरी थांबवलं होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. अख्ख्या सोसायटीला दशरथांनी पेढे वाटले होते.

"राहू दे पोस्टात," ते म्हणाले आणि दार लावलं. कोण होतं, असं प्रेमलाबाईंनी आतून विचारलं. कुणी नाही, पत्ता चुकला होता, असं त्यांनी सांगितलं.

एकासारखं दुसऱ्याचं अक्षर असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. रविवारी दोघं फोनपाशी बसले. फोन वाजला नाही. लाइन बिघडली असेल, म्हणून प्रेमलाबाईंनी दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला. आवाज नीट येत होता. दुसऱ्या दिवशी दशरथांनी बायकोच्या नकळत प्रज्ञेशच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की त्या नावाचं आता इथे कुणी नाही; मंदी आली तेव्हा त्या टीमलाच काढून टाकलं, त्याला वर्ष होत आलं.

पार्सल माघारी जायच्या आदल्या दिवशी ते पोस्टात गेले, पार्सल यजमानांना द्यावं अशी प्रेमलाबाईंच्या नावाने चिठ्ठी लिहून तिच्यावर त्यांची सही स्वतःच ठोकली आणि पैसे भरले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सुतळी सोडली. वरच थंडीचा जाड कोट होता. तो घ्यायला ते स्वतः मुलाबरोबर लक्ष्मी रोडला गेले होते. दुकानाचं लेबल अजून कॉलरला लटकत होतं. कोटाखाली दाढीचं सामान, कंगवा आणि दात घासायचा ब्रश.

ब्रश हातात घेऊनच ते उठले. खोली बदलणारा माणूस ब्रश घरी पाठवत नाही.

कात्रजला सरुबाईंचं घर शोधायला त्रास पडला नाही. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्या भाडेकरू ठेवत. दशरथांना पाहून त्यांना आधी वाटलं, माणूस भांडायला आलाय.

"त्यानंच बांधलं, त्यानंच पत्ता लिवला," त्या घाईने सांगू लागल्या. "म्हनला, मावशी, तुमचं भाडं माझ्या आईकडून येईल, व्हीपीनं पाठवा. पोस्टातली बाई म्हनली, मागवल्याशिवाय असं पाठवता येत न्हाई. म्या सांगितलं, मागवलंय. आईच हाय की त्याची."

"आणि तो कुठे गेला?"

सरुबाईंनी घाटाकडे पाहिलं. "रिकाम्या हातानं गेला, दादा. त्या दिवसापास्नं मला बी घास गोड लागंना."

त्यांचे यजमान संभाजी बरोबर निघाले. ऊन कलत होतं. चढावरच्या प्रत्येक वळणाला दशरथ कठड्याशी थांबत, वाकून खाली पाहत आणि काही दिसलं नाही की पुढे चालू लागत. बोगद्याअलीकडच्या चहाच्या टपरीवर विचारलं, तेव्हा टपरीवाल्याने हात करून सांगितलं: एक पोरगा पलीकडे दिवसभर बसतो, रात्री ट्रकवाल्यांत झोपतो. बोलत नाही, चहा दिला तर घेतो.

प्रज्ञेश कठड्यावर दरीकडे पाय सोडून बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. दशरथांनी हाक मारली नाही. हाक मारली आणि तो दचकला तर, या भीतीने ते पावलांचा आवाजही न करता गेले आणि त्यांनी मागून त्याचा दंड धरला.

तो दचकला नाही. वळलाही नाही.

"आईने घेतलं का पार्सल?" त्याने विचारलं.

"मी घेतलं. तिला अजून काही माहीत नाही."

"मग सांगू नका, बाबा."

"घरी चल."

प्रज्ञेशने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते दशरथांना कळलं नाही. दुसऱ्या बाजूने संभाजींनी त्याला काखेत हात घालून अलीकडे ओढून घेतलं. खाली उतरताना तो दोघांच्या मधून निमूट चालला. प्रत्येक वळणावर त्याची मान दरीकडे वळायची, आणि दरवेळी दशरथांची पकड आणखी घट्ट व्हायची. स्वारगेटच्या बसमध्ये त्यांनी त्याला खिडकीशी बसू दिलं नाही. पण उद्या, परवा, तो घरात एकटा असेल तेव्हा काय, हा विचार त्यांच्या मनातून जाईना.