कापसातली किल्ली

आमचे नाना, म्हणजे वडील देवचंदभाऊ, शेती करतात आणि जोडधंदा म्हणून किल्ल्या हरवतात. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने, शिल्पाने, पुण्याहून बटणाएवढा टॅग आणून कपाटाच्या किल्लीला अडकवला. फोन घेऊन घरात फिरलं की पडद्यावरचा बाण टॅगची दिशा दाखवतो, अंतरही सांगतो. ती त्याला अल्ट्रा-वाइडबँड म्हणते. मी म्हणते, नानांवर इलाज.

तिच्या लग्नाच्या सकाळीच किल्ली गायब! कपाटात तिची पांढरी साडी, नानांनी स्वतः जळगावला जाऊन निवडलेली. तिकडे अमळनेरच्या बुद्धविहारात वऱ्हाड खोळंबलेलं. कपाट फोडू म्हटलं, तर आई आडवी आली.

"मन्हं कपाट कोणी फोडानं नई!"

"सकाये कापूसवर चढनू व्हतू ना, तठेच पडनी व्हई," नाना म्हणाले.

भाव येईना म्हणून आमचा कापूस अजून घरातच, छताला टेकलेला. पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून नानांनी तो उजाडताच तुडवला होता. शिल्पाने फोन काढला; नाना पुढे होऊन त्या खोलीत शिरले, तसा बाणही तिकडेच वळला. ते लगेच ढिगावर चढले आणि डावीकडे उकरू लागले. बाण डावीकडे. ते उजवीकडे सरकले, बाण उजवीकडे. आम्ही सगळे कापसात. मावश्यांच्या अंबाड्यांत पुंजके, माझ्या नाकात तंतू, आणि किल्लीचा पत्ता नाही. शिल्पा साध्याच साडीत जाणार या विचाराने मला रडूच फुटलं.

एवढ्यात नाना पाठमोरे झाले आणि बाण नाहीसा झाला.

शिल्पा थबकली. "कापसातून या लहरी आरपार जातात. माणसाच्या अंगाने मात्र अडतात. नाना, जरा इकडे वळा."

ते वळले. बाण थेट त्यांच्या पोटावर!

नव्या सदऱ्याखाली, करदोट्याला, किल्ली नीट गाठ मारून बांधलेली. आजच्या दिवशी तरी हरवू नये म्हणून त्यांनीच बांधली होती आणि विसरले होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सगळं घर हसलं, सगळ्यात जोरात आई.

लग्न थाटात लागलं. निघताना नानांनी टॅग काढून शिल्पाच्या हातावर ठेवला. "हाई तूच ठेव. तू कोठे शे ते माले दिखी."

"नाना, पुण्याहून नाही दिसणार," ती म्हणाली. "हे घरापुरतंच असतं. जवळ आल्यावरच बाण दिसतो."

नानांनी तिची मूठ मिटली.

"मंग जवय येत जाय."