लोण्याच्या रंगाची गोळी

"ही ती नाही, एजे."

जिबेक मला एजे, म्हणजे ताई, म्हणते. तिने औषधांची पाकिटं लोकरीच्या नमद्यावर माझ्यासमोर ओळीने मांडली होती. मी तिच्या दंडाचा पट्टा सोडत होते. एकशे अठरा, शहात्तर. वहीत आकडे लिहिले आणि लघवीत बुडवलेली पट्टी उजेडात धरली. प्रथिनाचा चौकोन हिरवा झाला नव्हता.

"रंग?" तिने विचारलं.

"पिवळाच. बदल नाही."

"लोण्याचा," ती स्वतःशी म्हणाली आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

आमच्या भाषेत पिवळ्याला 'सारि' म्हणतात आणि जिबेकच्या सासऱ्यांचं नाव सारिबेक. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, नावातला शब्दही घेत नाही. त्यामुळे सहा वर्षं या घरात पिवळं शिंगरू लोण्याच्या रंगाचं होतं, पिवळी फुलं लोण्याच्या रंगाची होती आणि आता तिची सर्वांत महत्त्वाची गोळीसुद्धा.

ती गोळी संपत आली होती. उरल्या होत्या चार, म्हणजे दोन दिवसांच्या. शहरातून नवीन पाकीट आलं होतं, तेच तिने माझ्या हातात दिलं. मी नाव वाचलं. अझिथ्रोमायसिन.

"हे तर खोकल्याचं आहे," मी म्हणाले. "तुझं अझाथायोप्रिन. तू यातली घेतलीस?"

"नाही. रंग बघितला आणि बाजूला ठेवली."

उन्हाळी कुरणावरच्या त्या तंबूचा पडदा बाजूला सारून तिची सासू, उमसुनाय, आत आली. हातात दुधाची पळी तशीच होती.

"मला दोष देऊ नका हं, सोनून," ती मला म्हणाली. "हिला उन्हात पाठवायचं नाही म्हणून टेकडीवर मी चढले. घसा कोरडा पडेपर्यंत फोनवर त्या औषधांच्या दुकानवाल्याला नाव सांगितलं. अझि, अझा, काहीतरी. कळलं म्हणाला."

"रंग सांगितलास?"

"सांगितला की. लोण्यासारखी म्हटलं. मेला हसायला लागला. म्हणे, आजी, लोणी तुमच्याकडे, आम्ही औषधं विकतो."

बायकोही नवऱ्याचं नाव घेत नाही. त्या दोघींपैकी एकीलाही तो शब्द उच्चारता येत नव्हता.

"पण मी म्हणते, गोळीला गोळी आली ना? घे हीच," उमसुनाय म्हणाली. "नाहीतरी पोटुशी बाईने इतकं औषध गिळायचं? माझी पाच झाली. एक गोळी पोटात गेली नाही."

"अपा, तुमची मूत्रपिंडं चांगली होती," जिबेक म्हणाली. आवाज वर नाही, खाली नाही.

उमसुनायने पळी झटकली. "बघा. शहरातल्या डॉक्टरणीसारखं बोलते."

हे मात्र खरं होतं. एकवीस वर्षांची असताना, या घरात आली त्याच वर्षी, जिबेकचे सांधे धरले, गालांवर लाल चट्टे उठले आणि पाय सुजले. ल्युपस या आजाराने मूत्रपिंडंही धरली होती. औषधांनी आजार आटोक्यात आला, पण त्यातलं एक, मायकोफेनोलेट, गर्भाला घातक. शहरातल्या डॉक्टरणीने तिला सांगितलं, मूल हवं असेल तर आधी ते बंद, त्याच्या जागी ही पिवळी. पांढरी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन मात्र कधीच सोडायची नाही, दिवस गेल्यावरही नाही. आणि निदान सहा महिने लघवी स्वच्छ हवी.

जिबेक चौदा महिने थांबली. मधे एकदा पट्टी हिरवी झाली, तेव्हा तिने महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. प्रत्येक मेजवानीत बायका तिच्या कमरेकडे बघायच्या. "काय गं, नवरा रशियात आणि तू इथे, मूल काय टपालाने येणार?" असं तोंडावर विचारायच्या. ती चहा ओतत राहायची. शेवटी नवरा सुट्टीवर येऊन गेला आणि दिवस राहिले, तेव्हा ती माझ्या दवाखान्यात आली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "पांढरी चालूच ठेवायची ना, एजे?" एकतीस वर्षं मी या गावात लोकांना औषधं समजावते आहे. सांगितलेलं इतक्या नेमकेपणाने पाळणारी दोनच माणसं मला भेटली. दुसऱ्याचं नाव मला आता आठवत नाही.

"शहरातून गाडी उद्या पहाटे सुटते," जिबेक म्हणाली. "पुढची दहा दिवसांनी."

एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही. पण दहा दिवस औषध नाही आणि पोटात मूल असताना झोपलेला आजार उठला, तर आधी मूत्रपिंडं आणि मग मूल. हे तिला ठाऊक होतं.

"चल टेकडीवर," मी म्हणाले. "मी बोलते त्याच्याशी."

फोन फक्त टेकडीच्या माथ्यावर लागतो. सारिबेक घोडा घेऊन आले. जिबेकने घोड्यावर बसायला नकार दिला, तेव्हा ते लगाम धरून पुढे चालू लागले. तिने लांब बाह्या ओढल्या, टोपीखालून रुमाल चेहऱ्यावर घेतला आणि सावकाश चढली. आपण नाव बरोबर सांगितलं होतं हे सिद्ध करायला उमसुनायही मागून आली.

वर वारा होता. जिबेकने फोन लावला.

"अहो, तुम्ही पाठवलेलं औषध चुकीचं आहे," ती म्हणाली. "अझाथायोप्रिन हवंय."

"तेच पाठवलंय, बाई!" फोनमधला माणूस आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "अझिथ्रो..."

"झि नाही, झा."

"काय?"

"झा! अझा-थायो..."

"ऐकू येत नाही. अझि ना? तेच तर दिलंय. सहा गोळ्या आहेत बघा."

"नाही हो. पन्नासची. लोण्या..." ती थांबली.

"पुन्हा लोणी! मागच्या खेपेला त्या आजी, आज तुम्ही. बाई, माझ्याकडे रांग लागली आहे."

मी हात पुढे केला. मला तो शब्द वर्ज्य नव्हता, एका श्वासात काम झालं असतं. जिबेकने माझ्या हाताकडे बघितलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही उद्या खाली गावात जाल, एजे," ती हळूच म्हणाली. "गोळ्यांचा डबा माझ्याजवळच राहणार."

मी हात मागे घेतला. एकतीस वर्षांत कुठला हात मागे घेताना मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सारिबेक दहा पावलांवर घोड्याचा तंग आवळत होते. जिबेक ताठ उभी राहिली.

"सारि!" ती वाऱ्यावर आवाज चढवून म्हणाली. "गोळी सारि आहे. फिकट सारि, गोल, पन्नासची. ल्युपसची. मी पाच महिन्यांची गरोदर आहे आणि माझ्याकडे दोन दिवसांच्या उरल्या आहेत. आता नाव अक्षर अक्षर सांगते, लिहून घ्या. आणि लिहिलेलं मला परत वाचून दाखवा."

फोनमध्ये क्षणभर खरखर झाली. मग वेगळाच आवाज आला, जरा खालचा. "पिवळी... अझाथायोप्रिन. अरे देवा. थांबा, लिहितो. सांगा."

तिने सांगितलं. त्याने वाचून दाखवलं. एका ठिकाणी तो चुकला, तिने सुधारलं. पाकीट पहाटेच्या गाडीत ठेवायचं ठरलं. ड्रायव्हरचा नंबर तिला पाठ होता. वाटेत फोडू नका, असंही तिने बजावलं.

फोन बंद केल्यावर मात्र तिने मान वर केली नाही. रुमालाच्या कडेने कान लाल झालेले मला दिसले.

"नाव घेतलंस!" उमसुनायने तोंडावर हात ठेवला. "सासऱ्यांच्या समोर! चारदा!"

"तीनदा," सारिबेक म्हणाले. तंग आवळून झाला होता, तरी ते पट्ट्यावरच हात फिरवत होते. "आणि अर्धंच घेतलं. बेक अजून शाबूत आहे."

"तुम्हाला थट्टा सुचते."

"मग काय करू? तुझ्या लोण्यापायी नातू घालवू?" त्यांनी सुनेकडे न बघता घसा खाकरला. "पोरी, पुढच्या महिन्यात फोन तूच कर. सगळ्यांनी मिळून एकच शब्द गिळत बसलो होतो."

"हो, अता," ती म्हणाली.

उमसुनाय पुटपुटत पुढे निघाली. थोडं खाली गेल्यावर वळली आणि ओरडली, "त्या चार गोळ्यांचा डबा चुलीपासून लांब ठेवलाय ना गं?"

"ठेवलाय, अपा."

दुपार चढली होती. या आजारात अंगावर ऊन घ्यायचं नसतं आणि उतरणीवर एक झुडूपही नव्हतं. सारिबेकनी घोडा फिरवला, स्वतः दक्षिणेच्या बाजूला गेले आणि घोड्याला जिबेकच्या अगदी लगत, तिच्या पावलांच्या बेताने चालवू लागले. पायवाट वळली की ते घोड्याच्या तोंडापुढून दुसऱ्या बाजूला जात, तिला थांबायला सांगत आणि सावली पुन्हा तिच्यावर नीट बसली की लगाम ओढत.