जयाचं घर कोणतं?

मित्रांनो, मी भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या शाळेचा एक जुना हजेरीपट आहे. दुर्गच्या बाइंडरने मला शिवून पाठीला लाल कापड लावलं. १९६०च्या जुलैत मी वर्गशिक्षिका सत्यभामाबाईंच्या टेबलावर आलो. तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना अजून उभाच होत होता. नाव पुकारलं की पोरं ओरडायची, "उपस्थित, बहनजी!"

त्यांत सात वर्षांची जया होती. वडील गुलाबराव तापाने गेले होते. आई रुक्मा कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची.

हिवाळ्यात भंडाऱ्याजवळच्या गावी राहणाऱ्या जयाच्या थोरल्या काकांनी, पंजाबरावांनी, भंडाऱ्याच्या कोर्टात अर्ज केला. पोरगी आमच्या घरची, गावीच राहते, ताबा आम्हाला द्या. रुक्मा घाबरली नाही. "पोरगी इथं राहून राहिली, इथं शिकून राहिली. तिकडचं कोर्ट कावून ठरवते?" तिच्या वकिलानेही तेच सांगितलं: मूल नेहमी जिथे राहतं, तिथल्याच कोर्टाला त्याचा निवाडा करता येतो. पुरावा म्हणून कोर्टाने मला बोलावलं.

बाई मला पिशवीत घालून आगगाडीने भंडाऱ्याला घेऊन गेल्या. काकांच्या वकिलाने माझं पान उलटलं. "दिवाळीत वीस दिवस नोंद नाही. मुलगी गावीच होती!"

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "दिवाळीत शाळाच बंद होती. सणाला गावी गेलं म्हणजे घर बदलतं का? बाकी रोज ती भिलाईत हजर आहे. मुलगी कोणाकडे राहावी, हे मी ठरवत नाही. भिलाई दुर्ग जिल्ह्यात येते, तो अधिकार दुर्गच्या कोर्टाचा."

बाहेर पंजाबराव म्हणाले, "मी दुर्गले येतो."

"या ना भाऊजी," रुक्मा म्हणाली. "पन आधी आमच्या घरी या. जयाची शाळा पाहा."

महिन्याने ते खरंच आले. वर्गाच्या दाराशी उभं राहून त्यांनी जयाचं "उपस्थित, बहनजी!" ऐकलं. दुर्गला अर्ज काही गेला नाही. दिवाळीला मात्र जया दरवर्षी गावी जायची.

नंतर मी कपाटात पडलो. कडा वाळवीने खाल्ल्या. माझं कौतुक विरलं, त्याचं दुःख नाही. पण मित्रांनो, शाळेची वही अशी कोंबून ठेवू नका. हजेरी अंदाजाने भरू नका. बाईंनी रोज खरं लिहिलं, म्हणून त्या दिवशी मला एकही शब्द बोलावा लागला नाही.