किल्ली या घरात असेपर्यंत

टेकडीवरचा तो किल्ला आजवर सहा जणांनी आपला म्हटला होता. बांधला एका सरदाराने. त्याच्याच मेहुण्याने वेढा घालून तो घेतला. पुढे तो मठाकडे गेला, मठाकडून लष्कराने हिसकावला, मग एका गिरणीमालकाने हौसेने विकत घेतला आणि वारस नाही म्हणून शेवटी तो सरकारजमा झाला. मालक बदलले, पण दरवाजावरच्या दोन खोल्यांतलं दरवानाचं बिऱ्हाड कधी हललं नाही. सरदाराने लिहूनच दिलं होतं, की दरवाजाची किल्ली या घराच्या हातात असेपर्यंत खोल्या या घराच्या. प्रत्येक नव्या मालकाने तो कागद मान्य केला होता. म्हणून त्या घरात दोन नियम पक्के होते: किल्ली परक्याच्या हाती द्यायची नाही आणि ती जमिनीला टेकवायची नाही.

गेल्या वर्षी त्या घरच्या सुनेचा नवरा वारला आणि हातभर लांबीची ती किल्ली तिच्याकडे आली.

आज सातवा मालक आला होता, एक हॉटेल कंपनी. कंपनीचा वकील दोन माणसं घेऊन किल्ला बघत फिरत होता आणि ती माहिती सांगत पुढे चालली होती. खांद्यावर किल्ली, पदराला धरून अडीच वर्षांची लेक ढमी. सासूबाईंचे गुडघे धरले होते, पोरीला ठेवणार कुणाजवळ?

"जड दिसते. आणा, मी धरतो," वकील म्हणाला.

"सवय आहे, साहेब."

जिन्यावर त्याने पुन्हा विचारलं, "फोटोपुरती तरी?"

"काढा की. माझ्या हातातच काढा."

"नवऱ्यालाही कुणी इतकं जपत नसेल, बाई," तो हसला.

"नवरा राहिला नाही, साहेब. हीच राहिलीय."

तो पुढे चालू लागला. तिला वाटलं, निभावलं.

उत्तरेच्या बुरुजावर ती लष्कराबद्दल सांगू लागली. तोफेसाठी त्यांनी भिंत फोडून खिडकी केली होती. कुणी पडू नये म्हणून त्या खिडकीला तिने स्वतः आडवी दोरी बांधली होती. रोज सकाळी ती गाठ ओढून बघायची. सांगता सांगता तिने पदर चाचपला. पदर मोकळा होता.

दोरीखालून दोन इवल्या चपला दिसत होत्या. ढमी पालीच्या मागे सरपटत पार कडेला पोचली होती.

तिला दोन्ही हात हवे होते. जमिनीला टेकवायची नाही, एवढंच हाताला ठाऊक होतं. समोर एक हात पसरलेला होता. तिने किल्ली त्यात ठेवली आणि झेप घेतली.

पोरीचा घोटा हाती लागला. खरचटलं, रडली, पण आली. तिला छातीशी आवळून ती वळली.

"साहेब, किल्ली."

वकिलाने ती रुमालात गुंडाळली होती. "कागद मी वाचलाय, बाई. आणि या दोघांनी बघितलंय, तुम्ही स्वतःहून दिलीत."

"पोर पडत होतं हो."

"म्हणून तर धरली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता तरी आलं असतं. खाली टाकली असती तर चाललं असतं, हे तिला आत्ता सुचत होतं. ती पायऱ्यांवरून त्याच्यामागे गयावया करत उतरली. तो गाडीत बसेपर्यंत मागे वळला नाही.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. उन्हं कलली होती, दरवाजा लावायची वेळ झाली होती.

"गेले का गं? दे तिला माझ्याकडे," त्यांनी हात पुढे केले. "तू कुलूप लाव."

ती पोरीला त्यांच्याकडे देईना. दोन्ही हात तसेच गच्च धरून उभी राहिली.