दोन वाल

उमरग्यात पाशामियाँ इंजिन खोलायचे ते जुन्या चादरीवर, आणि सुटे भाग मांडत जायचे ते उजवीकडून डावीकडं, उर्दू लिहावी तसे. तीस वर्षांत त्यांचा एक वायसर इकडचा तिकडं झाला नव्हता. त्याचा म्हाताऱ्याला गर्व होता, आणि गर्व कुणाला कधी फळलाय?

त्या मंगळवारी विरुपाक्षची विलायती फटफटी काजळी खरवडायला सुटी पडली होती. हा करडईच्या तेलाचा व्यापारी. एका गोऱ्या इंजिनिअराकडून त्यानं ती हौसेनं बाजूच्या खुर्चीसकट घेतली होती. बायकोच्या काळजीनं विरुपाक्षच धावत आला. "चाचा, जगदेवी अडलीया कालपसनं. सुईण म्हणती, सोलापूरला न्या."

लढाईमुळं पेट्रोल तहसिलीच्या चिठ्ठीवर मिळायचं, आणि तिथला सगळा कारभार उर्दूत. म्हणून अर्ज लिहायला पाशामियाँ पळाले. इंजिन जुळवायला विरुपाक्ष बसला. म्हाताऱ्याच्या हाताखाली पाने-पकडी धरून धरून बाकीचं त्याला पाठ होतं. जाता जाता म्हातारा सांगून गेला, "वाल तेवढे जपून. पयला हवा आत घेणारा, दुसरा धुराचा."

वाल म्हणजे इंजिनाच्या झडपा, दोन्ही दिसायला जुळे भाऊ. पण धुराचा तेवढा आग सोसणाऱ्या पोलादाचा.

चिठ्ठी घेऊन परतले तर फटफटी पहिल्या किकला सुरू! पाशामियाँनी अल्लाचे आभार मानले. जगदेवीला गोधडीत गुंडाळून खुर्चीत बसवलं. "लेकरू घेऊनच ये गं माय," ते म्हणाले. तिनं ओठ चावत मान हलवली. वाल कसे बसवले, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

नळदुर्गच्या अलीकडं इंजिन बंद पडलं. बैलगाडी मिळेपर्यंत दुपार कलली, आणि जगदेवी पोटातल्या जिवासकट तिथंच एका लिंबाखाली गेली.

माती दिल्यावर आठ दिवसांनी विरुपाक्षनं फटफटी गाडीत घालून आणली. "उघडा, चाचा. काय झालं ते कळू द्या मला."

पाशामियाँनी चादर अंथरली, इंजिनाचं हेड काढलं. धुराच्या जागचा वाल जळून तुटला होता. त्यांनी तो पुसून पाहिला. तो आत घेणारा वाल होता. सवयीनं त्यांचा हात चादरीच्या उजव्या टोकाकडं गेला नि मध्येच थांबला. समोरचा माणूस मठाच्या शाळेत मराठी-कानडी शिकलेला. त्याचा पहिला डावीकडून सुरू होत होता. एवढी साधी गोष्ट, आणि ती सांगायची कधी वेळच आली नव्हती.

आता सांगावी, तर हा आपल्याच हातांकडं बघत जन्म काढील.

"चाचा?"

"वाल आधीच तडकलेला व्हता, विरुपाक्षा. मला दिसलं व्हतं. चालंल म्हणलं म्या."

विरुपाक्ष म्हणाला, "म्हंजी तुमी मारलं तिला."

'मारलं' हे खोटं आहे, असं स्वतःलाही सांगायची पाशामियाँना सोय नव्हती; उजवं-डावं सांगायचं राहिलं होतं ते त्यांच्याकडूनच.

"व्हय," ते म्हणाले.

विरुपाक्ष फटफटी तिथंच टाकून निघून गेला. चादर आठ दिवस तशीच अंथरलेली राहिली. तिच्यावर काही मांडायला म्हाताऱ्याचा हात पुन्हा उचलला नाही.