अळणी ताट

दोन महिन्यांनी इस्पितळातून घरी आलेली इसिल्डा म्हातारी फाटकातच थबकली. घराचं दार जागेवर नव्हतं. तिथे कोरी भिंत उभी होती आणि दार पार पलीकडे, नव्या रुंद ओसरीवर उघडत होतं. ओसरी माणसांनी भरलेली. रम फिरत होती, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर खाडखाड आपटत होत्या, मागे बकऱ्याचं मटण शिजत होतं.

"ये ना आई, अशी उभी काय?" तिची मुलगी वेरोना म्हणाली. तीस वर्षं इंग्लंडात काढून ती कायमची परतली होती. "चार माणसं बोलवायची तर जागा नको? तुझी खोली मागे केलीय. तिथे निवांत."

खोलीत पलंगाचं तोंड फिरवलेलं. रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून आरशावर चादर टाकलेली, ती तशीच राहिली होती.

इसिल्डानं चादरीला हात लावायचं टाळलं. त्यांच्या डोंगरात माणूस गेलं की नवव्या रात्री गाव जमतं, खातं-पितं, आणि गेलेल्याचा पलंग फिरवतं, आरसा झाकतं. परत आलेल्याला घर ओळखू येऊ नये, त्यानं आपल्या वाटेनं जावं म्हणून. बारा वर्षांमागे नवरा लिनवल गेला, तेव्हा तिनं एका खुर्चीलाही हात लावू दिला नव्हता. त्याला कशाला हाकलायचं?

आता आपल्यालाच हाकलतायत की काय?

"काय मिस इसी," ती ओसरीवर येऊन बसताच शेजारचा म्हातारा ॲल्टन सोंगटी आपटत म्हणाला, "मी तर तुमच्या कबरीसाठी फावडं घासून ठेवलं होतं."

सगळे हसले. इसिल्डा हसली नाही. वेरोनानं तिच्यापुढे ताट ठेवलं. तिनं घास घेतला. मीठ नव्हतं. मेलेल्याला मीठ सोसत नाही; त्याच्यासाठी काढून ठेवतात त्या ताटात नसतं, तसं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, मिठाच्या वाडग्यात बोट बुडवलं. बराच वेळ ते जिभेवर ठेवायचा धीर होईना. मग ठेवलं.

खारट. चांगलं झोंबलं.

"आई, ते ठेव आधी. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, म्हणून तुझं वेगळं शिजवलं ना मी."

इसिल्डा मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग ओसरीकडे ओरडली, "ॲल्टन, फावडं गंजू दे तुझं. मी आहे अजून."

तेवढ्यात तिला ऐकू आलं. त्या कोऱ्या भिंतीवर बाहेरून कुणीतरी तळहात फिरवत होतं. पूर्वी कडी होती तिथे हात थांबायचा, चाचपायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"गवंडी आहे का गं बाहेर?"

"ते दुपारीच गेले रंग मारून. का?"

 इसिल्डानं आपलं अळणी ताट उचललं, घराला वळसा घालून भिंतीशी गेली आणि ते गवतात ठेवलं. गवतावर कुणी नव्हतं. भिंतीच्या ओल्या रंगावर मात्र पाच बोटं उमटलेली होती.

"दार तिकडे नेलंय पोरीनं, लिनवल," ती हळूच म्हणाली. "आधी जेवून घे. मग दाखवते."