आवाज बंद ठेवून

कॅमेरा धाकट्याने पाठवला होता, प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंडीत दडवलेला. धाकटा दूरच्या शहरात राहायचा आणि तिथून आईची काळजी करणं हा त्याचा आवडता उद्योग होता. "कामाच्या मावशींवर माझा अविश्वास नाही," तो बहिणीला फोनवर म्हणाला, "पण दिवसभर आई त्यांच्याच हवाली असते. हल्ली काय काय कानावर येतं." मोठीचं मन मानेना. आईला न सांगता आईच्याच खोलीत हे लावायचं? शेवटी दोघांनी मिळून एक तोड काढली. आवाज बंद ठेवायचा. नुसतं बघायचं, बोलणं ऐकायचं नाही. एवढी सभ्यता पाळली की झालं.

आता हा ठराव केला कोणी? तर कर्णबधिर मुलांच्या शाळेत अर्धं आयुष्य घालवलेल्या बाईने. मुलांना आरशासमोर बसवून ओठ वाचायला शिकवणं हेच तिचं काम. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा अर्थावरून ताडायचं, हे ती वर्गात रोज घोकून घ्यायची. घरीही समोर उभी राहून एकेक शब्द सुटा करून बोलायची. "अगं, मी अजून बहिरी नाही झाले," आई म्हणायची. एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाईच्या डोक्यात ही गोष्ट कशी शिरली नाही, देव जाणे.

कॅमेऱ्यातलं चित्र तिच्या फोनवर दिसायचं. सुरुवातीला ती फोनला हात लावायलाही बिचकली. मग मधल्या सुट्टीत एकदा उघडला. मग दोन तासांच्या मध्ये, आणि मग तर मुलं लिहीत असताना टेबलाखाली. एका जागी बसवेना, समोरच्या कामात लक्ष लागेना. दिसायचं काय, तर मावशी आईचे केस विंचरताहेत, भाजी निवडताहेत, काहीतरी सांगून तिला हसवताहेत. आई इतकी हसते हे मोठीला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते फारसं आवडलंही नाही. ओठांवरून मात्र ती नजर मुद्दाम काढून घ्यायची. पण वाचता येणाऱ्या माणसाने रस्त्यातली पाटी न वाचता पुढे जायचं म्हटलं तरी कसं जाणार?

त्या दुपारी आई कॉटवर बसून गुडघा चोळत होती. मावशी वाकून काहीतरी विचारत होत्या. आईने मान वर केली, ती नेमकी कुंडीच्या दिशेने.

"बाथरूममध्ये पडले ते मोठीला सांगू नकोस," आई म्हणाली. मावशींची पाठ होती, त्या काय बोलल्या ते दिसलं नाही. "नको म्हणते ना. ती मला कुठेतरी नेऊन ठेवेल. धाकट्याशी बोलत होती, मी ऐकलंय."

मोठीने फोन पालथा घातला. आई खोटं बोलत नव्हती. गॅलरीत उभी राहून ती भावाशी एका वृद्धाश्रमाबद्दल बोलली होती. नुसती चौकशी, असं ती स्वतःला बजावत राहिली. उरलेला दिवस तिने कसाबसा ढकलला. फळ्यावर तोच शब्द पुन्हा लिहिला, मुलं हसली. गुडघ्याला मार बसला असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. पण विचारायचं कोणत्या तोंडाने? कुठून कळलं, हे आधी सांगावं लागणार.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच तिने विषय काढला. "आई, पाय दुखतोय का?"

"छे, मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली आणि खुर्ची धरून उठली.

"मावशी?"

"आजी ठणठणीत आहेत, ताई."

दोघींचे चेहरे कसे साळसूद! मोठीचं डोकं फिरलं. "पडली तेव्हाही ठणठणीतच होती वाटतं?"

बोलून गेली आणि जीभ चावली. आईने तिच्याकडे बघितलंच नाही. ती मावशींकडे वळली. "तुला एवढं बजावून सांगितलं होतं."

"लेकरांची शपथ, आजी, मी नाही बोलले."

"मग हिला कळलं कसं? घरात तिसरं कोण होतं? उद्यापासून येऊ नकोस तू."

मावशींनी डोळे पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढली. मोठीने नुसतं गप्प बसायचं होतं. आई डॉक्टरकडे गेली असती, मावशींना दुसरं काम मिळालं असतं, कुंडी माळ्यावर गेली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. लाज वाटावी इतका वेळ ती गप्प बसलीही. मावशी दाराशी चपला घालू लागल्या तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने कुंडी आणून आईच्या मांडीवर ठेवली, फुलं बाजूला केली आणि आतलं भिंग दाखवलं.

"त्यांनी नाही सांगितलं. मी बघत होते."

आईने भिंगावरून बोट फिरवलं. "यातून सगळं दिसतं?"

"हो."

"मी कपडे बदलते तेव्हासुद्धा?"

"तेव्हा मी बंद करायचे," मोठी खाली मान घालून म्हणाली.

"आणि ऐकूही येतं?"

"नाही गं आई. आवाज पहिल्यापासून बंद होता."

आईला हायसं वाटलं, पण घटकाभरच. "मग पडले ते तुला..." ती मध्येच थांबली आणि लेकीच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने मावशींना जवळ बोलावलं, आपल्या तोंडावर हात आडवा धरला आणि त्याच्याआडून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि पायांतल्या चपला काढून ठेवल्या. मोठी समोरच उभी होती. तिला एक शब्दही कळला नाही.